बारावीला ८८ टक्के, तरी यादीत मागे?

प्रश्न : मला बारावीला ८८ टक्के आणि सीईटीत ८४ पर्सेंटाइल आहे. मैत्रिणीला बारावीला ६६ टक्केच, पण सीईटीत ९५. इंजिनिअरिंगला तिचा नंबर माझ्या आधी लागणार, असं सगळे म्हणतात. मग बोर्डासाठी एवढं राबायचं कशाला?
– विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : सगळे म्हणतात ते खरं आहे. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पात्रतेपुरते बघतात. भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४०. शंभराचे तीन विषय धरले तर खुल्या गटाला ३०० पैकी १३५. तेवढे पडले की १३५ वाला आणि २७० वाला एकाच रांगेत. पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात, त्यामुळे बरोबरी क्वचितच होते. झालीच तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात, बोर्डाचे गुण त्यानंतर.

८४ म्हणजे ८४ टक्के गुण नव्हेत. तुझ्या सत्रात बसलेल्यांपैकी ८४ टक्के मुलं तुझ्याइतक्या किंवा तुझ्याहून कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तीन लाख परीक्षार्थी धरले तर तुझ्या पुढे ४८ हजार आणि मैत्रिणीच्या पुढे १५ हजार. बोर्डाचे २२ टक्के ही दरी भरून काढू शकत नाहीत.

पुन्हा सीईटी द्यायची असेल तर गणित धर. २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत : ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला आहे, म्हणजे २०० पैकी ४० गुण. आपल्याकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष समजतात आणि नेमके हेच गुण जातात.

तुझे ८८ टक्के मात्र वाया गेलेले नाहीत. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीत जायचं तर खुल्या गटाला बारावीला ७५ टक्के लागतात किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत साध्या बी.एस्सी.लाही बारावीचेच गुण धरतात.

प्रश्न : मुलीला ९२.४ पर्सेंटाइल आहे. आम्हाला हव्या त्या कॉलेजचा कटऑफ गेल्या वर्षी ९३.१ होता. ते कॉलेज फॉर्ममध्ये भरावं की सोडावं?
– पालक, शाहूपुरी

उत्तर : भरा, आणि वर भरा. कटऑफ कॉलेजने ठरवलेला नसतो. शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचं पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ, आणि तो दर वर्षी, दर फेरीला हलतो. आधी तुम्ही कोणती ओळ वाचलीत ते तपासा. कटऑफच्या तक्त्यात एकाच शाखेचे बरेच रकाने असतात. जी-ओपन-एच म्हणजे सर्वसाधारण खुला, होम युनिव्हर्सिटी, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे तिथल्याच मुलांच्या जागा. एल-ओपन-एच म्हणजे त्याच गटातल्या मुलींच्या जागा. मुलीचा विचार दोन्हींत होतो आणि एल चा आकडा बऱ्याचदा खाली असतो. टीएफडब्ल्यूएसची ओळ बघून घाबरू नका. तिथे शिक्षण शुल्क माफ असतं आणि जागा मोजक्या, म्हणून तो कटऑफ चढाच राहतो.

वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याची संधी जात नाही. धोका आहे तो नको असलेलं कॉलेज वर टाकण्यात. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही. यंदाची माहिती पुस्तिका वाचून मगच क्रम लावा. निव्वळ नाव ऐकून वर टाकलेली शाखा लागली की फॉर्म भरून देणारे कॅफेवाले हात वर करतात.

प्रश्न : ओबीसीतून अर्ज करायचा आहे. दाखले नंतर दिले तर चालतील?
– विद्यार्थी, कागल

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला), तिन्ही लागतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला जुलैत चालेलच असं धरू नका. त्यावरची तारीख आजच बघा. दिलेल्या मुदतीत कागद आले नाहीत तर अर्ज खुल्या गटात जातो. मग पात्रताही ४० ऐवजी ४५ टक्क्यांची होते, आणि ४२ टक्क्यांवर असलेला विद्यार्थी तिथेच अडकतो.