वाचकांचे प्रश्न: स्टेरॉइडची गोळी बंद करू का?

प्रश्न: आईचा फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पसरलाय. महिनाभर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ४ मिलिग्रॅम सकाळी आणि रात्री चालू आहे. डोकेदुखी थांबली, पण झोप उडाली, साखर वाढली. बंद करू का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: स्वतःहून एकदम बंद करू नका. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून मेंदूला सूज येते, ती या गोळीने उतरते. गाठ मात्र तिथेच असते. शिवाय तीन आठवड्यांहून जास्त घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणं कमी करू किंवा थांबवू शकतं. गोळी अचानक तोडली, तर उलट्या, गळून जाणं, रक्तदाब घसरणं असा धोका असतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकतच नसेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, इंजेक्शन लागू शकतं. डोस टप्प्याटप्प्याने कसा उतरवायचा, हे ऑन्कॉलॉजिस्टकडून (कॅन्सरतज्ज्ञाकडून) कागदावर लिहूनच घ्या.

झोपेचं कारण बहुधा रात्रीची गोळी. ती दुपारी दोनच्या आत, जेवणानंतर देता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. साखर फक्त उपाशीपोटी तपासून फसू नका. ती सकाळी ठीक दिसते आणि दुपारनंतर चढते. जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी तपासा.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर आणू नका, जठरात रक्तस्राव होऊ शकतो. जिभेवर पांढरे चट्टे आले किंवा खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तर लगेच कळवा. ताप किरकोळ वाटला तरी थांबू नका, स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्ग झाकला जातो.