पाउंड-फॉर-पाउंड पहिला कोण? माझं मत उसिकला

तुम्ही दोन प्रश्न एकत्र विचारलेत. एक, बॉक्सिंगच्या पाउंड-फॉर-पाउंड क्रमवारीत, म्हणजे वजनाचा फरक बाजूला ठेवून श्रेष्ठ कोण हे ठरवणाऱ्या यादीत, २०२३ पासून क्रॉफर्ड, इनोउए आणि उसिक यांच्यात पहिला नंबर खरा कुणाचा. दुसरा, मेवेदर ५०-०, म्हणजे पन्नास लढती जिंकून एकही न हरलेला असताना हा वाद चालतोच काऊन. दुसऱ्याचं आधी सांगतो, पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

कुणाशी, कधी आणि किती वजनावर लढला, हे ५०-० या आकड्यातून कळत नाही. १९ सप्टेंबर २००९ ची मेवेदर-मार्केझ लढत घ्या. मार्केझ १३५ पाउंडांच्या गटातला, करार झाला १४४ पाउंडांचा. काट्यावर मार्केझ भरला १४२ आणि मेवेदर १४६. जास्तीच्या दोन पाउंडांसाठी त्यानं सहा लाख डॉलर दंड मोजला आणि लढत एकतर्फी जिंकली. १४४ वर उतरला असता तरी जिंकलाच असता, त्यात वाद नाही. पण वजन सारखं धरलं तर श्रेष्ठ कोण, हे ठरवणारी ही यादी. तिचा राजा आपल्याहून लहान माणसापुढे उभं राहताना दोन पाउंड विकत घेतो, हे मला पचत नाही. २००७ मध्ये १५४ वर चढून त्यानं डे ला होयाला हरवलं, ते मात्र त्याच्या खात्यात जमा धरा. बचाव तर असा की समोरच्याचे ठोसे हवेतच विरायचे. आपल्या काळात तो पहिला होताच. अपराजित म्हणून कायमचा पहिला, एवढंच मान्य नाही.

ही क्रमवारी मुळात एक अंदाज आहे. कुणालाच आक्रसवून दुसऱ्याच्या मापाचं करता येत नाही. पण अधूनमधून एखादा बॉक्सर स्वतःचा वजनगट सोडून मोठ्या माणसापुढे जातो आणि तो अंदाज रिंगमध्ये तपासून दाखवतो. मी यादीत आधी अशी माणसं शोधतो.

वजन म्हणजे काय, ते टीव्हीवर कळत नाही. जिल्हा स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्याजवळ उभं राहून पाहा. नागपूरच्या उकाड्यात पोरं स्वेटरवर स्वेटर चढवून दोरीवरच्या उड्या मारतात, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात. एखादा बनियनसुद्धा काढतो, मग मनगटावरचा दोराही सोडतो, काटा तेवढ्यानं हलेल या आशेनं. नंतर सरावात ४८ किलोचं पोरगं ६० किलोवाल्याबरोबर सोडा. पहिल्या राउंडला लहानगाच मारतो. दुसऱ्यात मोठा त्याच्या मानेवर हात टाकून नुसता रेलतो. तिसऱ्यात लहानग्याचे पाय उचलत नाहीत. ठोशानं तो दमत नाही, ते ओझं वागवून दमतो. म्हणूनच मेरी कोमचं २०१२ चं ऑलिम्पिक कांस्य मला तिच्या कितीतरी सुवर्णांपेक्षा मोठं वाटतं. तोवरची जागतिक विजेतेपदं ४५ ते ४८ किलोंतली, आणि ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात खालचा गट ५१ चा!

जुन्यांपैकी हेन्री आर्मस्ट्राँगनं १९३८ मध्ये फेदर, लाइट आणि वेल्टर अशी तीन वजनगटांची विजेतेपदं एकाच वेळी सांभाळली, तेही एकूण आठच गट असताना. आज सतरा-अठरा गट आणि प्रत्येकात चार संस्थांचे चार पट्टे, म्हणजे विजेतेपदं, त्यामुळे 'तीन गटांचा विजेता' हे ऐकून मी एकदम उभा राहत नाही. आणि ज्याच्यामुळे 'पाउंड-फॉर-पाउंड' हा शब्दप्रयोग घराघरांत गेला तो शुगर रे रॉबिन्सन. जून १९५२ मध्ये तो यांकी स्टेडियमवर जोई मॅक्सिमशी लढला. रॉबिन्सन १५७.५ पाउंड, मॅक्सिम १७३. रिंगमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. उष्म्यानं पंचालाच मध्ये बदलावं लागलं. गुणांवर पुढे असलेला रॉबिन्सन तेराव्या राउंडनंतर स्टुलावरून उठू शकला नाही. नोंदीत ती हार आहे. माझ्या लेखी त्याच्या मोठेपणाचा त्याहून चांगला पुरावा नाही. आणि उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यातल्या नागपूरकराला काय सांगायचं.

आता २०२३. २५ जुलैला, मंगळवारी, टोकियोत इनोउएनं फुल्टनला आठव्या राउंडमध्ये संपवलं. चारच दिवसांनी लास वेगासला क्रॉफर्डनं स्पेन्सला तीनदा पाडून नवव्यात लढत थांबवायला लावली. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती, तर्री पोह्यांच्या ठेल्यावर याच वादात दोन प्लेटी थंड झाल्या. त्या आठवड्यापुरता मी क्रॉफर्डकडे होतो आणि आजही आहे. फुल्टन चांगला, पण स्पेन्स अपराजित आणि तीन पट्ट्यांचा मालक होता. क्रॉफर्डनं त्याला जॅबवरच, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावरच हरवलं.

मात्र मे २०२४ मध्ये उसिकनं हेवीवेटच्या टायसन फ्यूरीला पहिल्यांदा हरवलं, त्यानंतर मला उसिकशिवाय दुसरं नाव सुचत नाही. हेवीवेटला वजनाची वरची मर्यादाच नसते. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये युवा जागतिक सुवर्ण जिंकलं तेही ८१ किलोच्या वरच्या, अशाच मोकळ्या गटात. त्यामुळे या यादीत हेवीवेटवाल्यांना परंपरेनं मागच्या बाकावर बसवलं जातं: मोठे आहेत म्हणून जिंकतात, असा समज. उसिकच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. तो हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाचा, तिथले चारही पट्टे त्यानं २०१८ मध्ये जिंकले आणि मगच वर गेला. डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या लढतीआधी फ्यूरी भरला २८१ पाउंड, उसिक २२६. दोघेही कपड्यांसकट काट्यावर चढले होते, ते वजा केलं तरी वीसेक किलोंचा फरक उरतोच. बाराही राउंड मानेवर ते ओझं रेलत असताना तिन्ही पंचांनी उसिकला ११६-११२ दिले. मे महिन्यातल्या पहिल्या लढतीचा नववा राउंड परत पाहा. उसिक डावखुरा, त्याचा डावा हात लागल्यावर फ्यूरी दोराला धडकत पडता पडता राहिला आणि पंचाला मोजावं लागलं. जोशुआ, फ्यूरी, डुबॉय, तिघेही त्याच्याहून मोठे, आणि तिघांनाही त्यानं प्रत्येकी दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा हरवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तोवर समोरच्यानं तुमची चाल शिकलेली असते.

यावर क्रॉफर्डवाले सप्टेंबर २०२५ पुढे करतील. दोन गट चढून त्यानं कानेलोला १६८ वर हरवलं आणि तीन गटांत निर्विवाद, म्हणजे चारही पट्ट्यांचा विजेता झाला. सदतिसाव्या वर्षी हे करून डिसेंबरात ४२-० वर निवृत्त झाला. काम मोठंच आहे, त्या रात्री मी टाळ्याही वाजवल्या. पण काट्यावर दोघे सारखेच भरले होते, आणि २०२५ चा कानेलो पाच वर्षांपूर्वीचा राहिला नव्हता. राउंडाच्या शेवटच्या मिनिटाला तो हात आवरता घेत होता, हे कुणालाही दिसलं असतं.

इनोउए माझ्याकडे तिसरा. तो लढतो तेव्हा चहा घ्यायलाही उठवत नाही, पण १०८ पासून १२२ पर्यंतच्या प्रवासात त्याच्यापुढे बहुतेक त्याच्याच मापाची माणसं आली. क्रॉफर्ड आणि उसिकमध्ये केसाचं अंतर आहे, हे मान्य. तरीही कुणी निवडायलाच लावलं तर मी वीस किलोंकडे बघतो.