मंदीतल्या अर्थसंकल्पावर लोकांची प्रतिक्रिया कशी ओळखावी?

आपण विचारले आहे की, १ फेब्रुवारी २०२१ रोजी देश मंदीत असताना केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्याच दिवशी सेन्सेक्स २,३१४ अंकांनी वधारला, तर जनतेने त्या अर्थसंकल्पाचे स्वागत केले असे समजावे का. मी नाशिकमध्ये कर सल्लागार म्हणून काम करतो आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या कार्यालयात जेवढे फोन येतात तेवढे वर्षभरात इतर कोणत्याही दिवशी येत नाहीत. त्या अनुभवावरून सांगतो की, बाजार आणि लोक या दोघांनीही त्या दिवशी ‘सुटलो बुवा’ म्हटले हे खरे, परंतु त्याला स्वागत म्हणणे धाडसाचे होईल.

आधी जानेवारीतले वातावरण आठवावे लागेल. त्या वेळच्या आकड्यांनुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आणि पुढच्या तिमाहीत ७.५ टक्क्यांनी आकसली होती. सरकारचे उत्पन्न घटले होते आणि खर्च मात्र थांबत नव्हता. त्यामुळे ‘कोविड सेस लागणार’ अशी आवई महिनाभर उठलेली होती. दुसरीकडे, गेल्या शंभर वर्षांत झाला नाही असा अर्थसंकल्प येईल, असे अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी डिसेंबरमध्येच सांगून ठेवले होते. भीती आणि अपेक्षा अशा दोन्ही टोकांना टांगलेली माणसे टीव्हीसमोर बसली होती. भाषण संपले तेव्हा नवा प्राप्तिकर नव्हता, अधिभार नव्हता, आणि करपात्र उत्पन्नाच्या टप्प्यांतही काही बदल नव्हता. राजकोषीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला सरकारी खर्च, अंदाजलेल्या ३.५ टक्क्यांऐवजी देशाच्या सकल उत्पादनाच्या ९.५ टक्के झाल्याचे सरकारने उघड मान्य केले आणि भांडवली खर्चासाठी ५.५४ लाख कोटी रुपये ठेवले. कर न वाढवता सरकार खर्च करणार, एवढे बाजाराला पुरले. पगारदारांची कुरकुर ठरलेली होती, कारण अडीच लाखांची मूळ सूट २०१४ पासून जिथल्या तिथे होती. पण त्या वर्षी तीही दबक्या आवाजात होती. ज्याच्या पगारात मधले काही महिने कपात झाली होती, तो सवलत मागण्याआधी नोकरी टिकल्याबद्दल देवाला हात जोडत होता.

मंदीत लोक अर्थसंकल्प ऐकतात तो ‘काय मिळाले’ यापेक्षा ‘काय वाढले’ यासाठी, असे माझे मत आहे, आणि त्या घाईत अर्धवट ऐकलेले हमखास पसरते. त्या दुपारी पहिला फोन नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजोबांचा आला. “साहेब, पंच्याहत्तरच्या वरच्यांना टॅक्स माफ झाला ना?” त्यांचा आवाज इतका आनंदी होता की, खरे सांगणे माझ्या जिवावर आले. माफी कराची नव्हती, विवरणपत्र भरण्याची होती. आणि तीही ज्यांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन आणि त्याच बँकेतील ठेवींचे व्याज एवढेच आहे, त्यांच्यासाठी. अशा ज्येष्ठांचा कर बँकच हिशेब करून कापून घेणार होती. आजोबांच्या ठेवी दोन पतसंस्थांमध्येही होत्या, म्हणजे त्यांना विवरणपत्रापासूनही सुटका नव्हती. मी हे सगळे समजावून सांगितल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग ते म्हणाले, “मग ग्रुपवर सगळे पेढे कशाचे वाटतायत?” त्या दिवशी याच अर्थाचे निदान डझनभर फोन आले. या सवलतीचे जे काही ‘जोरदार स्वागत’ झाले, त्यातला मोठा भाग गैरसमजाचा होता, हे मी खात्रीने सांगू शकतो.

याच्या नेमके उलट पेट्रोलच्या बाबतीत घडले. पेट्रोलवर लिटरमागे अडीच रुपये आणि डिझेलवर चार रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर लागल्याची पट्टी वाहिन्यांवर झळकली आणि संध्याकाळी काही पंपांवर टाक्या भरून घेणाऱ्यांच्या रांगा दिसल्या. वास्तविक त्याच वेळी उत्पादन शुल्क तेवढेच कमी केले गेले होते. पेट्रोलवरचा केंद्राचा एकूण कर ३२.९८ रुपयांवरून ३२.९० रुपये झाला, म्हणजे त्या उपकरामुळे ग्राहकाला एक पैसाही जास्त मोजावा लागणार नव्हता. फरक पडला तो राज्यांना. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ उत्पादन शुल्कातून, आणि ते लिटरमागे २.९८ रुपयांवरून १.४० रुपयांवर आले. उपकरात राज्यांचा वाटा नसतो. ज्या गोष्टीवर आरडाओरडा झाला ती घडलीच नव्हती, आणि जी घडली तिच्यावर चहाच्या टपरीवर कोणी बोलले नाही. तरीही लोकांचा राग अगदीच अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये आणि मग मे महिन्यात, घराबाहेर पडायलाही बंदी असताना, केंद्राने पेट्रोलवर एकूण तेरा आणि डिझेलवर सोळा रुपये वाढवले होते, आणि ती वाढ कमी झालेली नव्हती. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत परभणीत पेट्रोल शंभरीला टेकत आले, तेव्हा ‘बघा, सेस लावलाच’ म्हणणारा माणूस कारण चुकीचे सांगत होता, पण त्याच्या खिशाचा हिशेब चुकलेला नव्हता.

आमच्या शहरातली एक खास प्रतिक्रिया सांगायलाच हवी. भाषणात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला मेट्रो धावू लागली. प्रत्यक्षात ती अजून धावलेली नाही.

अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारे माझे एक अशील आहेत. मे २०२० मध्ये वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा त्यातील लघुउद्योगांसाठीच्या तारणमुक्त कर्जाची माहिती मी त्यांना उत्साहाने दिली होती. आधीच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, चार वर्षांची मुदत, पहिले वर्ष मुद्दलाला सवलत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ऑर्डर कोण देणार?” कर्ज त्यांनी शेवटी घेतलेच, कारण सहा कामगारांचे पगार द्यायचे होते. फेब्रुवारीत त्यांनी मला प्राप्तिकराबद्दल एक शब्दही विचारला नाही. पोलादाचे भाव काही महिन्यांत इतके चढले होते की, घेतलेले जॉबवर्क जुन्या दराने पूर्ण करणे त्यांना परवडत नव्हते. पोलादावरचे आयात शुल्क साडेसात टक्क्यांवर आणले आणि भंगारावरचे शुल्क माफ केले, ही भाषणात ओझरती आलेली दोन वाक्ये त्यांनी अचूक टिपली होती. अर्थसंकल्प इतक्या बारकाईने ऐकणारा माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या तोंडापुढे कोणत्याही वाहिनीने माइक धरला नव्हता.

ज्यांच्यापर्यंत माइक कधीच पोहोचत नाही, त्यांचे तर बोलायलाच नको. मे २०२० मध्ये पाथर्डी फाट्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे पायी निघालेली माणसे आम्ही सगळ्यांनी पाहिली होती; एका बाईच्या डोक्यावरच्या गाठोड्यातून कुकरचा दांडा बाहेर आलेला मला अजून दिसतो. देशभर अशी परतलेली माणसे गावी जाऊन रोजगार हमीच्या कामावर लागली आणि त्या वर्षी या योजनेची, म्हणजे मनरेगाची, ६१,५०० कोटींची मूळ तरतूद सुधारित अंदाजात १,११,५०० कोटींवर गेली. नव्या अर्थसंकल्पात ही तरतूद ७३,००० कोटी ठेवली गेली. माझ्या फोनवर त्या दिवशी या आकड्याबद्दल कोणीही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही तो आठवडाभराने लक्षात आला.

भविष्य निर्वाह निधीबद्दल मात्र भरपूर गदारोळ झाला. वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त वर्गणी भरणाऱ्यांच्या, त्या वरच्या रकमेवरील व्याजावर कर लावण्याचा तो प्रस्ताव होता. अडीच लाख वर्गणी होण्यासाठी मूळ वेतन महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास हवे, पण महिन्याला तीन हजार कापले जाणारे लोकही ‘आता पीएफवरही डोळा’ म्हणून संतापले होते. २३ मार्चला लोकसभेत, ज्यांच्या निधीत मालकाची वर्गणी नसते त्यांच्यासाठी ही मर्यादा पाच लाख करण्यात आली. म्हणजे ज्यांना नीट बोलता येते त्यांच्या तक्रारीची दखल दोन महिन्यांच्या आत घेतली गेली.

कागदोपत्री मंदी तोवर संपलीही होती. ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत ०.४ टक्के वाढ झाल्याचे २६ फेब्रुवारीला जाहीर झाले. तरीसुद्धा मनरेगाची ७३,००० कोटींची तरतूद पुढच्या वर्षीच्या सुधारित अंदाजात ९८,००० कोटींवर न्यावी लागली. एवढे पैसे लागतील असे अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर येऊन ज्यांनी सांगायला हवे होते, ते त्या वेळी कुठल्या तरी शेततळ्याची माती उपसत होते.