सहा सर्टिफिकेटं घेऊ, की एकच परीक्षा देऊ?

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदारांचं पत्र आहे. मुलगा यंदा बीएस्सी झाला. आसपासच्या होमस्टेंना वायफाय आणि सीसीटीव्ही बसवून देतो. एका संस्थेने फोनवर ‘घरबसल्या आयटी’चं पॅकेज गळी उतरवलंय: ए प्लस (कॉम्पटियाचं, संगणक दुरुस्तीचं), नेटवर्क प्लस (त्यांचंच, नेटवर्कच्या पायाचं), सीसीएनए (सिस्कोचं, नेटवर्क उभारणीचं), एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं), एडब्ल्यूएस (ॲमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे भाड्याच्या संगणकांचं) आणि एथिकल हॅकिंग (परवानगीने घुसून सुरक्षा तपासणं). फी ७८,००० रुपये, बिनव्याजी हप्ते, नोकरीची हमी, सवलत फक्त रविवारपर्यंत. ‘आंब्याचे पैसे हातात आहेत, भरू का? आणि गावात राहूनच नोकरी मिळेल का?’ असं ते विचारतात.

स. न. वि. वि.

रविवार खुशाल जाऊ द्या. अशी सवलत पुढच्या रविवारीही असते.

तुम्ही पाठवलेल्या यादीत चौथं नाव एमसीएसईचं आहे. त्याच्या परीक्षा मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ला बंद केल्या. मग संस्था ते देणार कुठून? तर स्वतःच्या शिक्क्याचा कागद देणार. इथेच बहुतेक पालकांची गल्लत होते. संस्था देते तो कोर्स पूर्ण केल्याचा दाखला. सर्टिफिकेशन देते सिस्को, कॉम्पटिया किंवा ॲमेझॉन, तेही त्यांची स्वतःची परीक्षा पास झाल्यावर. नोकरी देणारा विचारतो ते हे दुसरं, आणि ते त्याला ऑनलाइन पडताळता येतं.

त्यामुळे परीक्षेची फी ७८,००० मध्ये आहे का, हे ईमेलवर लिहून मागा. फोनवरचं ‘हो सर’ धरू नका. एकट्या ए प्लसच्या दोन परीक्षा असतात आणि दोन्हींची फी वेगळी. सीसीएनएची फी ३०० डॉलर, म्हणजे कर धरून तीस हजारांच्या आसपास. सहाही परीक्षा ७८,००० मध्ये बसत नाहीत, हा हिशेब तुम्हीच घालून बघा. ‘एक व्हाउचर (परीक्षेचं कूपन) मिळेल’ म्हणाले, तर त्याची मुदत कधी संपते तेही विचारा.

बिनव्याजी हप्त्यांचंही तसंच. हप्ते बहुधा संस्थेचे नसतात, एखाद्या फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं ते कर्ज असतं. संस्थेला पैसे एकरकमी मिळून जातात. मुलाने दोन महिन्यांत सोडलं किंवा संस्थेने गाशा गुंडाळला, तरी हप्ता चालूच. थकला की सिबिलवर नोंद, आणि पुढे बागेसाठी बँकेत गेलात की तीच नोंद तुमच्यासमोर. नोकरीच्या हमीची अटही कागदावर वाचा. बरेचदा तिथे ‘साहाय्य’ एवढाच शब्द असतो.

आता चिरंजीवांनी काय करावं? माझं मत स्पष्ट आहे: फक्त सीसीएनए, बाकी सगळं बाजूला. होमस्टेत पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायची गरज त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. सीसीएनएत व्हीलॅन, म्हणजे एकाच यंत्रणेवर वेगवेगळी नेटवर्कं पाडणं, शिकवतात ते नेमकं यासाठीच. ए प्लसमधलं बरंच काम त्यांचा हात आत्ताच करतो. नेटवर्क प्लसचा मोठा भाग सीसीएनएत येऊन जातो. एडब्ल्यूएस नंतर बघू. आणि नेटवर्क कळायच्या आधी एथिकल हॅकिंग म्हणजे चिरे लावायच्या आधी कौलं चढवणं. (सरकारी भरतीत मागतात ती एमएस-सीआयटी. सीसीएनए असलं म्हणून ती सुटत नाही.)

शिकवणारा हवाच असेल, तर पैसे भरण्याआधी डेमो तासाला चिरंजीवांनी त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: १९२.१६८.१०.७०/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला? /२६ म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट, म्हणून हा ६४ ते १२७ च्या गटातला. नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा पत्ता) १२७, उपकरणांना मिळतात ६५ ते १२६, एकूण ६२ पत्ते. हे त्याने फळ्यावर मिनिटभरात मांडायला हवं. दुसरा: राउटरवरून नव्या मशीनला पाच पिंग (‘आहेस का?’ विचारणारे छोटे संदेश) पाठवले की पहिला बरेचदा वाया जातो आणि चारच पोचतात, ते का? समोरच्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) एआरपीने (तो विचारून घ्यायच्या पद्धतीने) शोधेपर्यंत पहिल्याची वेळ संपते. जो राउटरशी स्वतः खेळलाय त्याला हे विचारल्याबरोबर सुचतं. स्लाइड वाचून शिकवणारा म्हणेल, ‘तो भाग पुढे येईल.’

सरावाला राउटर विकत घेऊ नका. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर (पडद्यावरच राउटर-स्विच जोडून सराव करायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आरामात चालतो. एकदा उतरवून लॉगिन कायम ठेवलं, की रेंज नसली तरी काम अडत नाही. व्हिडिओ रात्री उतरवून ठेवायचे. घरी शिकणारे फसतात ते व्हिडिओ बघून ‘समजलं’ म्हणण्यात. दोन स्विच (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या), एक राउटर, व्हीलॅन १० आणि २० एवढी मांडणी न बघता जमली पाहिजे. जमली की मुद्दाम बिघडवायची. दोन स्विचमधला ट्रंक पोर्ट (सगळे व्हीलॅन नेणारा) ॲक्सेस (एकच नेणारा) करून टाकला, की पलीकडचे संगणक मूग गिळून बसतात, पण केबलचा दिवा मात्र हिरवाच. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ या कमांडने तो बिघाड शोधायचा. परीक्षेत प्रत्यक्ष कॉन्फिगर करायला लावणारे प्रश्नही येतात, आणि पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. बाजारात ‘डम्प’ म्हणून फुटलेले प्रश्न विकतात, त्यांना हात लावू नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

रोज दोन तास धरले तर पाच-सहा महिने लागतील. आत्ता जूनमध्ये सुरू करून दिवाळीनंतर लगेच परीक्षा ठेवा, म्हणजे मोहराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत मोकळे. गणपतीत अभ्यास होणार नाही, ते दिवस आधीच वजा करा.

घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण तुमच्या गावातून मी ती देऊ देणार नाही. १२० मिनिटं रिकामी खोली, चालू कॅमेरा आणि सलग नेट लागतं. मध्येच वीज गेली तर पेपर तिथेच लटकतो. कणकवलीहून गाडी पकडून मुंबईच्या केंद्रावर जाणं स्वस्त पडेल. तोवर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही संपलेलं असतं. नापास झाल्यास पाच दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते.

नोंदणी करताना एक बारीक गोष्ट जपा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, ओळखपत्रावर भलताच क्रम. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. कोणतं ओळखपत्र चालतं ते बुकिंगच्या वेळीच वाचून घ्या.

गावात राहून नोकरी? पहिली दोन-तीन वर्षं तरी धरू नका. सीसीएनएवर मिळणारं पहिलं काम बहुधा नवी मुंबई किंवा पुण्यात, नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात, आणि त्यात रात्रपाळ्या असतात. चिरंजीवांना ते नकोच असेल तर तसं आत्ताच मोकळेपणाने बोला. मग परीक्षेची फी वाचवून ते पैसे चांगलं क्रिंपिंग टूल, केबल टेस्टर आणि एका मॅनेज्ड (व्हीलॅन लावता येणाऱ्या) स्विचवर घालणं मला जास्त पटेल. मालवण-तारकर्लीच्या बाजूला त्या कामाला गिऱ्हाईक आहे.