‘कष्टकरी की पांढरपेशा’ विचारण्याआधी

समाजातल्या वर्गरचनेवरचं तुझं हे पहिलंच सर्वेक्षण, म्हणून कळकळीने सांगते: प्रश्नावलीत ‘अंगमेहनत’ आणि ‘ऑफिस’ असे दोनच रकाने ठेवू नकोस. कॉल सेंटरमध्ये कुणाशेजारी तासभर बस. कानाला हेडफोन, समोर ठरवून दिलेली वाक्यं, पाणी प्यायला उठलं तरी स्क्रीनवर मिनिटं मोजली जातात. मग सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवरच्या कारागिराकडे जा. तो ड्रॉइंग वाचतो, प्रोग्रॅम दुरुस्त करतो, मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडतो. आता सांग, डोक्याचं काम कुणाचं?

कारखान्यासारखेच ऑफिसातल्या कामाचेही तुकडे पाडले जातात, हे श्रमाचे अमेरिकन अभ्यासक हॅरी ब्रेव्हरमन यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प यांची सामाजिक वर्गांची वर्गवारीही वाच. ती नोकरीतल्या संबंधांवर उभी आहे. म्हणून विचार: पैसे तासावर की महिन्याच्या पगारावर? कामाची गती कोण ठरवतं? बढतीची वाट आहे का?

मानाचा प्रश्न मात्र स्वतंत्र ठेव. कारकुनापेक्षा जास्त कमावणाऱ्या वेल्डरलाही लोक सर्रास अरे-तुरे करतात, आणि ते मला अजूनही टोचतं. त्याचं त्यावरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत उतरवून घे.