लोणंद बाजारातून आणलेला ५० किलो नवा कांदा पावसाळाभर कसा टिकवावा?

आधी कांदा कोणता ते बघा. एप्रिल-मेमध्ये निघणारा गरवा (उन्हाळी) कांदा नीट सुकवला तर चार-पाच महिने टिकतो. खरिपाचा लाल हळवा कांदा साठवायच्या भानगडीत पडू नका, महिन्याभरात संपवा.

सड बहुतेक वेळा मानेतून सुरू होते. मान ओली राहिली की तिथून बुरशी आत शिरते. म्हणून गोणी घरी आली की त्याच दिवशी मोकळी करा आणि कांदा सावलीत, वारा लागेल असा १० ते १२ दिवस पसरा. कडक उन्हात नको, साल भाजते आणि आतला गर मऊ पडतो. मान चिमटीत दाबून बघा. कागदासारखी कुरकुरीत लागली की झालं. पात असेल तर मानेपासून दोन-तीन सेंटीमीटर ठेवून कापा, अगदी बुडातून कधीच नाही.

मग निवड. जाड मानेचे, जोड, कोंब आलेले, मार लागलेले कांदे बाजूला काढून आधी वापरा. बाकीचे जमिनीपासून वीतभर उंच बांबूच्या किंवा लोखंडी जाळीवर, एक फुटापेक्षा कमी थरात ठेवा. फरशीवर थेट टाकला तर खालचा थर घाम धरतो.

पावसाळ्यात दर आठ दिवसांनी हात फिरवा. एक सडका कांदा शेजारचे चार खराब करतो. बटाटे जवळ नकोत, त्यांच्या ओलाव्याने कांद्याला कोंब फुटतात. प्लास्टिकची पिशवी आणि फ्रीज दोन्ही टाळा.