एआय एजंट डॉक्युमेंटमध्ये भलतीकडेच बदल करतो, टूलचं डिस्क्रिप्शन कसं लिहू?

तुम्ही लिहिलंय की एजंटला करारातलं एक कलम बदलायला सांगितलं तर तो भलतंच काहीतरी बदलून ठेवतो आणि वर 'काम झालं' म्हणून सांगतो, तर मॉडेल, म्हणजे एजंटच्या मागचं एआय, बदलू का. माझं म्हणणं, लगेच नको. तुम्ही प्रश्नात टूलचं, म्हणजे एजंट बदल करायला जे फंक्शन वापरतो त्याचं, जे डिस्क्रिप्शन दिलंय ते एकदा परत वाचा, 'डॉक्युमेंटमधला मजकूर अपडेट करतं', बस एवढंच आहे. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही हो, त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, हे वर्णन आणि पॅरामीटर्सची स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याची यादी), बाकीचं सगळं ते अंदाजानेच भरणार.

आमच्याकडे भाडेकरार एडिट करणारा एजंट आहे. 11 महिन्यांचा करार रिन्यू होत होता, भाडं 15000 चं 16500 करायचं, साधं काम. पण 15000 हा आकडा त्या करारात तीन ठिकाणी होता, भाड्याच्या कलमात, नोटीस न देता जागा सोडली तर भरायच्या रकमेत आणि सुरुवातीला 'मागील करारात भाडे रु. 15000 होते' या वाक्यात. आमचं टूल सापडेल तिथे सगळीकडे बदलायचं आणि हे डिस्क्रिप्शनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मागच्या वर्षीचं भाडंसुद्धा 16500 झालं. सही व्हायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून वाचलो. चूक मॉडेलची नव्हती, आमची होती.

मग कोड बदलला आणि डिस्क्रिप्शन असं केलं: 'एका वेळी एकाच ठिकाणचा मजकूर बदलतं. जुना मजकूर डॉक्युमेंटमध्ये आहे तस्साच द्या, स्पेस आणि विरामचिन्हांसकट. तो नेमका एकदाच सापडला पाहिजे, सापडला नाही किंवा जास्त वेळा सापडला तर काहीही न बदलता एरर येते. जास्त ठिकाणी असेल तर आजूबाजूचे शब्द जोडून द्या. आधी वाचायचं टूल वापरा, आठवणीवरून मजकूर देऊ नका. नवीन कलम घालायला हे टूल नाही, त्यासाठी कलम घालायचं वेगळं टूल आहे.' यातलं शेवटचं वाक्य लोक हमखास विसरतात, टूल कधी वापरायचं नाही हे लिहिलं नाही तर दोन सारख्या टूल्समध्ये मॉडेलचा गोंधळ होतोच.

मराठी डॉक्युमेंट असेल तर अजून एक भानगड आहे आणि ती इंग्रजीत लिहिलेल्या गाइडमध्ये सहसा सापडत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला वेगळे. तसंच 'ॲ'चं, एक अख्खं अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत, या जोड्या एक करत नाही. मॉडेल एका प्रकारे लिहितं, फाइलमध्ये दुसरा असतो, 'मजकूर सापडला नाही' अशी एरर येते आणि ते बिचारं तोच शब्द परत परत पाठवत बसतं. हे डिस्क्रिप्शनमध्ये लिहून सुटत नाही, शोधायच्या आधी कोडमध्येच दोन्ही रूपं एक करून घ्या.

एरर मेसेज हासुद्धा डिस्क्रिप्शनचाच भाग धरा. 'फेल' एवढंच परत दिलं तर मॉडेल काय करणार? आम्ही आता 'हा मजकूर 3 ठिकाणी आहे, कलम 1, 4 आणि 9, हवा तो ओळखू येईल इतका मजकूर द्या' असं परत देतो आणि बहुतेक वेळा पुढच्याच प्रयत्नात काम होतं.

ओळ नंबर किंवा पोझिशन घेणारं टूल असेल तर मोजणी 0 पासून की 1 पासून, नवीन मजकूर त्या ओळीच्या आधी की नंतर, हे स्पष्ट लिहा. आणि एक बदल झाला की खालचे सगळे नंबर सरकतात, तेव्हा बदल खालून वर करा असंही लिहा. गूगल डॉक्सच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅममधून डॉक्स वापरायची सोय) पोझिशन यूटीएफ-16 युनिटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर मजकूर साठवतो त्या तुकड्यांमध्ये मोजतात, आपल्याला एक दिसणारं 'क्षि' तिथे 4 धरलं जातं (क, हलंत, ष आणि वेलांटी), म्हणून मॉडेलला अक्षरं मोजायला लावूच नका, मजकूर देऊन जागा शोधायला लावा.

पॅरामीटरची नावंही बघा, तुमच्याकडे टेक्स्ट1 आणि टेक्स्ट2 आहे, त्यातला जुना कुठला हे मलाही कळलं नाही. नावं बदला, मग ज्याने तुमचा कोड पाहिलेला नाही अशा एखाद्या सहकाऱ्याला नुसतं डिस्क्रिप्शन द्या आणि एक बदल कागदावर करून दाखवायला सांगा. तो जिथे थांबून तुम्हाला प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर डिस्क्रिप्शनमध्ये घाला.